चेंबर ऑफ कॉमर्स की बाजारपेठेचा व्यापारी संघ? सभासद होण्यापूर्वी करावयाची तुलना

व्यवसाय नुकताच सुरू केलेल्या माणसापुढे, आणि दहा-पंधरा वर्षे व्यवसायात काढलेल्या माणसापुढेही, दर वर्षी एक प्रश्न उभा राहतो: वर्गणी नेमकी कोणत्या संस्थेची भरावी? स्थानिक चेंबर ऑफ कॉमर्सचा अर्ज आलेला असतो, ज्या रस्त्यावर दुकान आहे तेथील व्यापारी संघाचे पदाधिकारी पावतीपुस्तक घेऊन येऊन गेलेले असतात, आपल्या धंद्याची म्हणून एक स्वतंत्र संघटना असते, आणि शिवाय दर आठवड्याला भेटून एकमेकांना गिऱ्हाईक सुचवणारे गट असतात. चौघांच्याही माहितीपत्रकांत ‘संपर्क’, ‘मार्गदर्शन’, ‘व्यासपीठ’ हे शब्द सारखेच आढळतात, त्यामुळे पत्रके शेजारी ठेवून निर्णय होत नाही. या संस्था वर्षभर प्रत्यक्षात कोणते काम अंगावर घेतात हे पाहिले तरच निवड करता येते. येथे मुख्य तुलना चेंबर आणि व्यापारी संघ यांची आहे, कारण बहुतेकांची ओढाताण या दोहोंमध्येच होते. उरलेल्या दोन पर्यायांचा उल्लेख जेथे त्यांचे पारडे जड ठरते तेथे केला आहे.

मूळ फरक सभासद कोणत्या धाग्याने बांधले गेले आहेत यात आहे. व्यापारी संघ एका रस्त्याचा किंवा एका बाजारपेठेचा असतो. रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, कचरा, रात्रीची राखण हे त्याचे विषय असतात आणि ते सर्व सभासदांना सारखेच लागू असतात. चेंबर संपूर्ण शहराचे किंवा जिल्ह्याचे असते आणि त्यात कारखानदार, किरकोळ विक्रेते, बँका, वाहतूकदार, वकील, हॉटेलचालक असे सगळे एकत्र येतात. ही विविधता चेंबरचे बळ आहे तशीच मर्यादाही आहे. भर बाजारात माल उतरवण्याच्या वेळेवर बंधन घालण्याचा प्रस्ताव आला, की वाहतूकदार आणि दुकानदार एकाच चेंबरच्या बैठकीत समोरासमोर बसतात, आणि शेवटी जे निवेदन बाहेर पडते ते दोघांनाही न दुखावणारे, म्हणून काहीसे मवाळ असते. व्यापारी संघाचा आवाज लहान असला तरी अशा प्रश्नावर तो एकमुखी असतो.

चेंबर सर्वत्र एकाच प्रकारचे नसते

चेंबर या संस्थेचा इतिहास फ्रान्समधील मार्सेय या बंदरापासून सांगितला जातो. तेथील व्यापाऱ्यांचे मंडळ 1599 मध्ये स्थापन झाले आणि भूमध्य समुद्रातील व्यापाराचे रक्षण हे त्याचे आरंभीचे काम होते. पुढे या संस्थेची दोन वेगळी घराणी झाली, आणि आपल्या गावचे चेंबर कोणत्या घराण्यातले आहे हे कळल्याशिवाय तुलना पुढे सरकत नाही.

पहिल्या घराण्यात चेंबर हे कायद्याने निर्माण केलेले सार्वजनिक मंडळ असते. जर्मनीत 1956 च्या कायद्यानुसार उद्योग-व्यापारातील जवळजवळ प्रत्येक व्यवसाय आपल्या भागातील चेंबरचा सभासद असतोच. ते सोडून जाण्याची सोय नाही. ही सक्ती घटनाबाह्य आहे, असा दावा घेऊन काही व्यावसायिक न्यायालयात गेले होते, परंतु तेथील संघराज्य घटनात्मक न्यायालयाने 2017 मध्ये सक्ती कायम ठेवली. सक्तीच्या बदल्यात या चेंबरांकडे मोठी कामे सोपवलेली आहेत: कारखान्यात आणि दुकानात उमेदवारी करणाऱ्या तरुणांच्या परीक्षा तेच घेतात आणि त्यांची प्रमाणपत्रे उद्योगजगतात प्रमाण मानली जातात. उलट स्पेनने सक्तीची वर्गणी 2010 च्या अखेरीस रद्द केली, आणि तेव्हापासून तेथील चेंबरांना उत्पन्नाचे दुसरे मार्ग शोधावे लागले.

दुसऱ्या घराण्यात, म्हणजे ब्रिटन, अमेरिका आणि इतर अनेक देशांत, चेंबर ही स्वेच्छेने स्थापन झालेली खाजगी संस्था असते. सभासद टिकवण्यासाठी तिला दर वर्षी काही तरी करून दाखवावे लागते, म्हणूनच मेळावे, प्रदर्शने, पुरस्कार आणि उत्सव यांचे प्रमाण अशा चेंबरांत अधिक दिसते. हे वाईट नाही. मात्र कार्यक्रमातून मिळणाऱ्या उत्पन्नावर कार्यालयाचे पगार चालत असतील, तर कार्यक्रम कोणत्या सभासदांच्या सोयीचे ठरतात हे बारकाईने पाहावे लागते. प्रायोजक मोठे असतील तर वेळापत्रकही त्यांच्याच सोयीने आखले जाण्याचा धोका असतो.

व्यवसायाला प्रत्यक्ष मदत: येथे चेंबर पुढे

ज्याचा माल देशाबाहेर जातो त्याच्यासाठी ही तुलना फार वेळ चालत नाही. आयात करणाऱ्या देशाचे सीमाशुल्क खाते किंवा खरेदीदाराची बँक अनेकदा माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन मागते. सीमाशुल्काच्या सोपस्कारांबाबत 1923 मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या करारातच सक्षम संस्थांनी असे दाखले देण्याची पद्धत मान्य झाली, आणि आज जगभर हे काम मुख्यतः चेंबर करतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे केवळ शिक्का मारण्याचे काम वाटते. प्रत्यक्षात त्या टेबलावर बसलेला अनुभवी कर्मचारी बीजकावरील वजन अर्जावरील वजनाशी ताडून पाहतो, मालाच्या वर्णनातील शब्द लेटर ऑफ क्रेडिटमधील, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैसे देण्याची जी लेखी हमी दिलेली असते तिच्यातील, शब्दांशी अक्षरशः जुळतात की नाही हे तपासतो, आणि एक शब्द इकडचा तिकडे झालेला दिसला तर अर्ज परत करतो. निर्यातदाराला त्या क्षणी राग येतो. परंतु तीच चूक परदेशातील बँकेच्या नजरेस आली असती तर माल बंदरात पोहोचलेला आणि पैसे अडकलेले, अशी अवस्था झाली असती. असे चार डोळे व्यापारी संघाकडे नसतात आणि त्याने ते ठेवण्याचा प्रयत्नही करू नये.

प्रदर्शनासाठी नमुने किंवा यंत्रसामग्री परदेशी नेऊन परत आणावयाची असेल तर एटीए कार्नेट हा दस्तऐवज लागतो. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेल्या या व्यवस्थेत साधारणपणे एक वर्षापर्यंत माल शुल्क न भरता नेता येतो, आणि तो परत न आल्यास शुल्काची हमी चेंबरांच्या साखळीने घेतलेली असते. असे दाखले अनेक ठिकाणी बिगरसभासदांनाही मिळतात, मात्र जास्त शुल्क आकारून. तेव्हा वर्षाला किती दाखले लागतात, सभासद आणि बिगरसभासद यांच्या दरात फरक किती, एवढा गुणाकार केला की वर्गणी वसूल होते की नाही हे दोन मिनिटांत समजते.

निर्यात नसेल तर चेंबरची बाजू इतकी भक्कम राहत नाही. कर, कामगार कायदे, कर्जयोजना यांवरील चर्चासत्रे उपयुक्त असतात, परंतु ती सर्व धंद्यांसाठी असल्याने ढोबळ राहतात. औषधविक्रेत्याला साठवणुकीचे नियम, छपाईवाल्याला कागदाच्या दरांचा अंदाज, बांधकाम व्यावसायिकाला निविदेतील अटी यांबाबत आपापल्या धंद्याची संघटना अधिक नेमके सांगते. ओळखीतून काम मिळवण्यापुरताच विचार असेल तर साप्ताहिक गट प्रभावी ठरतात. 1985 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बीएनआयसारख्या गटांत एका शाखेत एका व्यवसायाचा एकच सभासद घेतला जातो, त्यामुळे स्पर्धक समोर बसलेला नसतो. त्यासाठी दर आठवड्याची सकाळ मात्र द्यावी लागते, आणि ज्याचे दुकान सकाळीच उघडते त्याला ते परवडत नाही.

सामुदायिक कार्यक्रम: येथे तराजू हलतो

गावाचा उत्सव, रस्त्यावरची जत्रा, हंगामी खरेदी महोत्सव यांमागे व्यापाऱ्यांचा हात असणे नवीन नाही. अमेरिकेतील अटलांटिक सिटी या समुद्रकिनारी शहरात उन्हाळ्याचा हंगाम संपला की पर्यटक परत जात, म्हणून तेथील व्यावसायिकांच्या मंडळाने 1920 मध्ये सप्टेंबरच्या अखेरीस एक मोठा उत्सव भरवला. पुढच्याच वर्षी त्याला सौंदर्यस्पर्धेची जोड मिळाली आणि तीच पुढे ‘मिस अमेरिका’ म्हणून ओळखली गेली. यातली शिकण्यासारखी गोष्ट तारखेची आहे. ज्या आठवड्यात गल्ला आपोआप भरतो त्या आठवड्यात उत्सव ठेवून व्यापाऱ्याला विशेष काही मिळत नाही. जेव्हा दुकाने ओस पडतात तेव्हा लोकांना घराबाहेर काढणे हे संस्थेचे काम असते. आपल्या भागातील चेंबरचे आणि संघाचे मागील वर्षाचे वेळापत्रक समोर घेऊन, त्यातील किती कार्यक्रम मंदीच्या दिवसांत होते, हे मोजून पाहावे.

कार्यक्रम उभा करताना दोन्ही संस्थांचे गुण किती वेगळे असतात हे रस्ता बंद करून भरवल्या जाणाऱ्या बाजारात स्पष्ट दिसते. पोलिसांची आणि नगरपालिकेची परवानगी, अपघाताची जबाबदारी घेणारा विमा, प्रायोजकाशी करावयाचा लेखी करार, स्वच्छतागृहे, प्रथमोपचार, वृत्तपत्रांना द्यावयाची माहिती ही कामे कायमस्वरूपी कार्यालय असलेले चेंबर सहज पेलते, कारण तेथे गेल्या वर्षीची फाइल जागेवर असते. पण त्याच रस्त्यावर औषधाच्या दुकानात येणाऱ्या रुग्णासाठी वाट कोठून ठेवायची, कोणाच्या पायरीसमोर जनित्र ठेवले तर धूर थेट आत जातो, कोणत्या घरातील वृद्धाला दर शनिवारी रुग्णवाहिकेने न्यावे लागते, हे संघाच्या चिटणीसाला माहीत असते आणि ते कोणत्याही फाइलमध्ये नसते. या दोघांपैकी एकानेच केलेले कार्यक्रम मी पाहिले आहेत. चेंबरने एकट्याने केलेल्या एका कार्यक्रमात बाहेरून आलेल्या विक्रेत्यांचे मांडव बरोबर स्थानिक दुकानांच्या दारांसमोर लागले, रस्ता दिवसभर फुललेला होता, आणि वर्षभर तेथे बसणाऱ्या दुकानदारांनी दुपारीच दारे ओढून घेतली. त्या चेहऱ्यांची मला आजही आठवण येते. संघाने एकट्याने केलेल्या दुसऱ्या कार्यक्रमात आपुलकी पुष्कळ होती, पण विमा नव्हता. काही विपरीत घडले नाही हे सर्वांचे नशीब.

म्हणून कार्यक्रमांसाठी सभासद होणाऱ्याने दोन्ही संस्थांना एकच प्रश्न विचारावा: रस्त्यावरील दुकानदाराला स्वतःच्या दारासमोरच्या जागेवर पहिला हक्क आहे का, आणि तो नियमावलीत लिहिलेला आहे का? तोंडी आश्वासन येथे पुरेसे नाही, कारण पदाधिकारी बदलतात.

पैशाचा प्रश्नही यातूनच येतो. ऐच्छिक वर्गणीवर चालणाऱ्या संघाची जुनी अडचण अशी, की दिव्यांची रोषणाई सर्वांसाठी होते आणि वर्गणी निम्मेच देतात. कॅनडातील टोरांटो शहराच्या ब्लूअर वेस्ट व्हिलेज या भागात भुयारी रेल्वे आणि नवे मॉल यांमुळे रस्त्यावरची वर्दळ कमी झाली, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी 1970 मध्ये कायद्याने यावर उपाय काढला: त्या हद्दीतील सर्व व्यावसायिक मालमत्तांवर थोडा अधिभार बसला, तो नगरपालिकेने वसूल केला आणि बाजारपेठेच्या मंडळाकडे सुपूर्द केला. ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. आपल्या भागात असे मंडळ असेल तर रस्त्याच्या सुशोभनाचे पैसे आपण आधीच भरत असतो, आणि त्याच कामासाठी दुसऱ्या संस्थेला वर्गणी देण्याचे कारण उरत नाही.

प्रायोजक म्हणून मोठी रक्कम देणाऱ्याने आणखी एक बाब तपासावी. व्यावसायिकांचे हित पाहणारी संस्था आणि धर्मादाय संस्था या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या असतात. अमेरिकेत चेंबर करमुक्त असले तरी त्याला दिलेली रक्कम धर्मादाय देणगी म्हणून वजा होत नाही, फार तर व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येते. त्यामुळे शिष्यवृत्ती किंवा मदतकार्य करू इच्छिणारी अनेक चेंबरे त्यासाठी वेगळे प्रतिष्ठान काढतात. पावती कोणत्या नावाने मिळणार, हे धनादेश लिहिण्यापूर्वी विचारलेले बरे.

कोणी कोठे जावे

निर्यातदार, कारखानदार, आणि शहरभर किंवा जिल्हाभर गिऱ्हाईक असलेला सेवाव्यवसाय यांनी चेंबरचे सभासद व्हावे. पाणी, वीज, रस्ते आणि कर यांवर प्रशासनाशी बोलणी करताना त्यांना मोठ्या संस्थेचे वजन लागते. ज्याचे गिऱ्हाईक पायी चालत येते त्याने आधी व्यापारी संघ धरावा आणि चेंबरचे सभासदत्व संघामार्फत सामूहिक पद्धतीने मिळते का ते पाहावे. काही चेंबरे संघटनांना सभासद करून घेतात, आणि लहान दुकानदाराला तो मार्ग स्वस्त पडतो. घरून एकट्याने काम करणाऱ्याने पहिल्या वर्षी कोठेच वर्गणी न भरता दोन्हीकडचा प्रत्येकी एक खुला कार्यक्रम स्वयंसेवक म्हणून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खुर्च्या लावताना आणि हिशेबाच्या वेळी माणसे कशी वागतात ते तेथेच दिसते.

अर्जावर सही करण्यापूर्वी दोन्ही कार्यालयांत मागील कार्यक्रमाचा जमाखर्च लेखी मागावा. त्यात प्रायोजकांकडून आलेली रक्कम, मांडवांचे भाडे, परवानग्यांचा आणि विम्याचा खर्च, आणि उरलेली शिल्लक कोणत्या खात्यात गेली हे चार आकडे तरी असावेत. ते मिळेपर्यंत अर्ज आपल्याजवळच ठेवावा.