वास कडुनिंबाचा, रिपोर्ट फिप्रोनिलचा

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांनो, ज्यांचा माल युरोपला जातो त्यांनी हे वाचाच.

मण्यांत पाणी उतरायला, म्हणजे द्राक्षं पिकायला लागलं की आपण रासायनिक औषधं आवरती घेतो. थ्रिप्स, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, काही आवरत नाहीत. नेमकी ही वेळ साधून तालुक्यातल्या एका दुकानदाराने 'शंभर टक्के हर्बल' अर्क गळ्यात मारला. कडुनिंब, गवती चहा, लसूण; लिटरला १८०० रुपये. "दादा, बिनधास्त मारा. रेसिड्यू (फळात उरणारा औषधाचा अंश) झिरो, पंधरा दिवस बघायला नको." झाकण उघडलं तर असा भपका, की शंकेला जागाच नाही.

संध्याकाळी फवारलं. सकाळी पांढऱ्या कागदावर शेंडे झटकले, तर पडलेल्यातला एकही थ्रिप्स हलेना. घरात सगळे खूश.

काढणीआधीचं सॅम्पल फेल झालं. फिप्रोनिल, म्हणजे चक्क रासायनिक कीटकनाशक! या बागेत यंदा त्याचा थेंब पडला नव्हता. युरोपची मर्यादा किलोला ०.००५ मिलिग्रॅम, आमचं त्याच्या कितीतरी वर. एक्स्पोर्टरने हात वर केले आणि माल लोकल व्यापाऱ्याने मागितल्या भावात नेला. सील न फोडलेली दुसरी बाटली लॅबला दिली, त्यातही तेच निघालं.

खरा कडुनिंब असा रातोरात मारत नाही. त्यातल्या ॲझाडिरॅक्टिनने कीड खाणं सोडते, कात टाकताना अडकते. परिणाम दिसायला काही दिवस जातात. उन्हात ते लवकर विघटितही होतं. गवती चहाचं तेल तर उडूनच जातं, त्याचा पहारा काही तासांचा. पंधरा दिवसांची हमी देणारा अर्क म्हणजे आत दुसरंच काहीतरी. आणि तो भपका? कडुनिंबाच्या तेलाला वास येतो तो गंधकयुक्त घटकांचा. त्यावरून ॲझाडिरॅक्टिन किती हे कळत नाही, मिसळलेलं विष मात्र झाकलं जातं.

नोंदणीकृत निंबोळी औषधावर ३००, १५०० किंवा १०००० असा पीपीएम आकडा (दहा लाख भागांत ॲझाडिरॅक्टिन किती), केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असते. या बाटलीवर नुसतं हिरवं पान.

कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे तक्रार दिली आहे. दुकानदार म्हणतो, मी कीटकनाशक विकलंच नाही. पक्कं बिल काढून पाहिलं, त्यावर 'टॉनिक' लिहिलंय.