हजाराच्या आतल्या देशी वाईन: दिवाळीपासूनचा अनुभव, आणि झाकणाबद्दल जरा जास्तच

बाराशे रुपयांची लाल वाईन परवा चहाच्या गाळणीतून गाळून प्यावी लागली. बूच निम्म्यात तुटलं, उरलेलं आत ढकलावं लागलं आणि ग्लासात भुसा तरंगायला लागला. तेही चालवून घेतलं असतं, पण वास आला शिळ्या मोरावळ्याचा. मग बाटलीचं तोंड नीट बघितलं. आवरणाखाली सगळं चिकट आणि बुचाच्या कडेने वाळलेला लाल ओघळ. म्हणजे बाटली तापलेली. उन्हाने आतली वाईन फुगते, बूच वर सरकतं, थोडी वाईन गळते आणि बाटली गार झाली की तेवढी हवा आत शिरते.

तापली कुठे ते शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या इथलं वाईन शॉप नावालाच वाईन शॉप आहे. व्हिस्की-बिअर हाताशी, वाईनला सगळ्यात वरचा फळा. काचेच्या शोकेसमध्ये बाटल्या उभ्या आणि दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन थेट अंगावर. पावती घेऊन गेले. "मॅडम, वाईन रिटर्न होत नाही." अहो, उघडल्याशिवाय खराब आहे हे कळणार कसं? आणि उघडली की तुम्ही घेणार नाही! वर "रेड जुनी होईल तेवढी भारी" हेही ऐकवलं. आवाज चढले, पैसे काही परत मिळाले नाहीत. तो राग या लिखाणात उतरणार, आधीच सांगून ठेवते.

तर झाकण. दिवाळीत कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, वाईनला बूचच हवं, आट्याचं झाकण म्हणजे सरबताची बाटली. आता बरोबर उलटं मत आहे. आट्याचं झाकण करकन फिरतं, ओपनर शोधावा लागत नाही, उरलेली बाटली फ्रीजच्या दारात आडवीतिडवी ठेवली तरी सांडत नाही. बुचातून कधीकधी वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो, तो प्रश्नच मिटतो. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीतल्या रिसलिंगवाल्यांनी 2000 साली मिळून ही झाकणं बसवली, पाठोपाठ न्यूझीलंडवाले आले. म्हणजे हा काही गरिबीचा इलाज नव्हे. उलट बूच हीच चैन आहे. ज्या ओकच्या सालीचं ते करतात, ती साल दर 9 वर्षांनी काढायची, झाड बहुतेक पोर्तुगालचं नाहीतर स्पेनचं. हजाराच्या बाटलीत मी त्या सालीचे पैसे का भरू? (पुण्यात रस्त्यावर सडा पडतो ते बुचाचं झाड वेगळं.)

चवीकडे येते. सर्वात जास्त संपली ती सुला कंपनीची पांढरी शेनिन ब्लांक. किंचित गोडसर, पेरूसारखा वास, आणि तिखटाला मुळीच घाबरत नाही. साबुदाणा वडा, तळलेली कोळंबी, अगदी अळूवडीबरोबरही चालली. सोविन्यों ब्लांकला पहिल्या रात्री मी नापास केलं होतं. ग्लास नाकाशी नेला आणि हे म्हणाले, "ढोबळी मिरची चिरलीस का?" तो वास खरंच त्या द्राक्षातच असतो, ढोबळी मिरचीत असतं तेच रसायन त्यातही असतं. थंडीत ती मला नकोशी झाली होती. एप्रिलमध्ये, फ्रीजमधून काढल्या काढल्या, दही-काकडीच्या कोशिंबिरीबरोबर घेतली आणि तेव्हापासून उन्हाळ्याची बाटली तीच. ऋतू बदलला की मत बदलतं, त्याला इलाज नाही.

लाल वाईन आणि सुकं मटण हे समीकरण कुणी पसरवलं कोण जाणे. 13-14 टक्के अल्कोहोलची शिराझ आणि कोल्हापुरी मसाला एकत्र आले की दोघं मिळून जीभ भाजतात. तिखट कमी करा किंवा वाईन बदला. आम्ही वाईन बदलली. शिराझ जिरली ती पावभाजीबरोबर, तीही पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून. "रूम टेंपरेचरला प्या" हा सल्ला ज्यांच्या खोलीत मे महिना येत नाही त्यांचा आहे.

आता नावं. सुरुवातीला मला ही सगळी नावं म्हणजे गिऱ्हाइकाला विलायती वाटावं म्हणून लावलेली पाटी वाटायची. यॉर्क या वाईन कंपनीचं नाव बघितलं की इंग्लंड डोळ्यासमोर. निघालं काय, तर मालक गुरनानींच्या घरातल्या मुलांची नावं, योगिता, रवी आणि कैलाश, यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून ते केलंय. सुला म्हणजे कंपनीचे संस्थापक राजीव सामंत यांच्या आई, सुलभा. अकलूजच्या फ्रातेलीचं नाव तर इटालियनच आहे, अर्थ 'भाऊ', पण तिथेही खरोखरच भावांच्या तीन जोड्या आहेत: अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची. हे कळल्यावर नावांवरचा माझा राग निम्मा उतरला. सोलापूर जिल्ह्यात सांजोवेझे हे इटालियन द्राक्ष पिकतं, मग बाटलीवर इटालियन नाव असलं तर असू दे.

उरलेला राग द्राक्षांच्या आणि गावांच्या नावांवर. शिराझ म्हटलं की इराण आठवतं, पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डीएनए तपासलं तर दोन्ही पालक फ्रेंच निघाले, दुरेझा आणि मोंदूज ब्लांश. कॅलिफोर्नियाची म्हणून मिरवणारी झिनफँडल मूळची क्रोएशियाची. गोव्यात गोड लाल वाईन पोर्ट म्हणून विकतात आणि घराघरांत ती टॉनिकसारखी चमच्याने घेणारी एखादी मावशी असते. खरी पोर्ट फक्त पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. नारायणगावच्या इंडेज कंपनीने तर आपल्या नावातच शॅम्पेन, म्हणजे फ्रान्समधल्या एका प्रांताचं नाव, घातलं होतं, पण त्यांची फसफसती वाईन परदेशी गेली ती ओमर खय्याम या नावाने. शाँदोंवाल्यांचा फ्रान्समध्ये शॅम्पेनचा धंदा आहे, पण दिंडोरीत बनवलेल्या वाईनला त्यांनी शॅम्पेन म्हटलं नाही. हे सरळ आहे, मला आवडलं.

आमचे मामा दिंडोरीकडचे, खाण्याची द्राक्षं काढणारे, थॉमसनवाले. त्यांच्यापुढे शेनिन ठेवली. नाव विचारलं नाही, कंपनी विचारली नाही. पहिला प्रश्न, "किती ब्रिक्सला तोडली?" म्हणजे द्राक्षात साखर किती भरल्यावर तोडली. मला काय माहीत! वाईनची द्राक्षं बारीक मण्याची, जाड सालीची, बियांची; असला माल बाजारात नेला तर कुणी हात लावणार नाही, म्हणाले. मग ग्लास संपवला आणि बाटली उलटी करून मागचा चिटोरा वाचायला लागले. तोडणीचं साल कुठे, भरल्याची तारीख कुठे? समोर सोनेरी अक्षरांत मोठं नाव, आणि तारीख मागे, मुंगीच्या पायाएवढी, बॅच नंबरच्या शेजारी शाईने उठवलेली. एका बाटलीवर तर बोट लागून ती पुसलीच गेली होती.

तेव्हापासून मी दुकानात तीनच गोष्टी बघते: आट्याचं झाकण, द्राक्षाचं नाव आणि तारीख. आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, झाली की जानेवारी ते मार्च तोडणी. त्यामुळे पांढरी वाईन त्याच वर्षी दुकानात येऊ शकते. हजाराच्या आतली पांढरी दोन वर्षांपलीकडची असेल तर मी घेत नाही, सवलत असली तरी नाही. सवलत बहुधा त्यासाठीच असते. शोकेसमधली तर मुळीच नाही, मागच्या खोक्यातली काढून द्या म्हणते. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचं ठरवलं, गदारोळ झाला आणि ते तिथेच राहिलं. त्यातलं राजकारण बाजूला ठेवा. सुपरमार्केटला एसी असतो, एवढंच माझं म्हणणं.

उघडलेली पांढरी तीन-चार दिवस नीट राहते, लाल दोन दिवसांनी आंबूस लागायला लागते, मग ती मटणाच्या मॅरिनेशनला. फ्रातेलीची सेत्ते ही लाल वाईन अजून चाखलेली नाही. किंमत माझ्या मर्यादेच्या बरीच वर आहे आणि तिला बूच आहे. कुणी भेट दिली तर लिहीन, ओपनरसकट द्या.