एनमॅप: काही महिने रोज चालवल्यावर

ऑफिसचं नेटवर्क माझ्याकडे आल्यापासून एनमॅप, म्हणजे नेटवर्कवर कोणती यंत्रं आहेत आणि त्यांची कोणती पोर्ट्स (सेवांची क्रमांक दिलेली दारं) उघडी आहेत ते शोधणारं टूल, जवळपास रोज चालतं. गॉर्डन लायन यांनी १९९७ साली आणलेलं हे टूल आजही फुकट मिळतं. झेनमॅप नावाचा खिडक्या-बटणांचा अवतारही आहे, पण मी लवकरच टर्मिनलवर आलो.

नुसता आयपी (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) दिला तर ते टीसीपीची (आधी जोडणी करून बोलायच्या पद्धतीची) नेहमीच्या वापरातली १००० पोर्ट्सच बघतं, आणि पोर्ट्स असतात ६५,५३५. आमच्या एका कॅमेरा रेकॉर्डरचं लॉगिन पान पार वरच्या पोर्टवर बसलं होतं. पूर्ण रेंज दिली तेव्हाच ते दिसलं.

यूडीपी, म्हणजे जोडणी न करताच पॅकेट पाठवायची दुसरी पद्धत, मात्र अंत बघते. बंद पोर्टवरून 'इथे कोणी नाही' असं उत्तर येतं, पण लिनक्स ही उत्तरं साधारण सेकंदाला एक अशी रेशनिंगने देतं. म्हणजे एकाच मशीनची सगळी पोर्ट्स तपासायला अठरा तासांच्या वर! मी ५३ (नावावरून पत्ता), १२३ (घड्याळाची वेळ), १६१ (यंत्रांची देखरेख) अशी मोजकी देतो आणि मोकळा होतो.

पोर्टमागच्या प्रोग्रॅमचं व्हर्जन ओळखणं झकास, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. बरेच लिनक्स डिस्ट्रो (लिनक्सचे तयार संच) जुन्या आवृत्तीतच सुरक्षेची दुरुस्ती घालतात. आकडा जुना दिसतो, भोक मात्र बुजलेलं असतं. एक गंमत: या तपासणीत ९१०० ते ९१०७ ही पोर्ट्स एनमॅप आपणहून वगळतं, कारण काही प्रिंटर तिथे येईल ते सरळ छापतात. ज्याने हा नियम घातला त्याने कागदांचा ढीग नक्की उचलला असणार.

'फिल्टर्ड' म्हणजे बंद नव्हे. पॅकेट वाटेत कोणीतरी, बहुधा फायरवॉलने, अडवलं, एवढंच. 'रीझन' पर्याय लावला की निष्कर्ष कशावरून काढला तेही कळतं.

माझ्या लेखी खरा पैसा वसूल एनडिफमध्ये, म्हणजे दोन स्कॅनमधला फरक दाखवणाऱ्या एनमॅपच्या जोडटूलमध्ये. दर आठवड्याचा स्कॅन एक्सएमएल फाइलमध्ये ठेवायचा आणि मागच्याशी ताडून बघायचा. अधिक चिन्हाच्या ओळी म्हणजे नवीन, वजाच्या म्हणजे गेलेल्या. एका सोमवारी अधिकच्या ओळीत टेलनेटचं (दुरून लॉगिन करायची जुनी, असुरक्षित सोय) २३ उघडं दिसलं. व्हेंडरने दुरुस्तीसाठी चालू केलेलं स्विचवर तसंच राहिलं होतं. नुसत्या लांबलचक यादीत ते नजरेतून सुटलं असतं.

दुसऱ्याच्या नेटवर्कवर लेखी परवानगीशिवाय चालवू नका. सरावासाठी एनमॅपवाल्यांनीच 'स्कॅनमी' हा सर्व्हर खुला ठेवलाय. आणि आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) वर पत्ते अफाट असतात, ते ओळीने चाळायचा विचारही नको, तिथे आधी राउटरकडून पत्त्यांची यादी काढा.