सीएससीएस प्रमाणपत्र: नाशिकच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्याचा उपयोग किती?

बी.पी.एड. झालेली किंवा विद्यापीठ संघातून खेळलेली मुलं हल्ली गंगापूर रोड, कॉलेज रोडवरच्या जिममध्ये ट्रेनर म्हणून लागतात आणि वर्षभरात त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळू लागतो: सीएससीएस (सर्टिफाइड स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग स्पेशालिस्ट, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि तयारी घडवणाऱ्या कोचाचं प्रमाणपत्र) करून टाकावं का? उत्तर आधीच सांगतो. काम शिकायला म्हणून करत असाल तर पैसे वसूल. एखाद्या कॉलेजात बास्केटबॉल संघाचा स्ट्रेंथ कोच म्हणून चिकटता येईल या भरवशावर करत असाल, तर फी भरण्यापूर्वी पुढचं वाचा.

हे प्रमाणपत्र अमेरिकेतल्या नॅशनल स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग असोसिएशनचं, म्हणजे एनएससीएचं. संस्था १९७८ सालची, परीक्षा १९८५ पासूनची. नेब्रास्का विद्यापीठाने १९६९ मध्ये बॉइड एपली यांना खेळाडूंची ताकद वाढवण्यासाठी पगारावर ठेवलं, तिथून हा पेशा तिकडच्या कॉलेजांत रुजला. पुढे एनएससीए सुरू करणारेही एपलीच. आज तिथे डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजात मान्यताप्राप्त प्रमाणपत्राशिवाय हे काम करता येत नाही. आधी इंटर्न (बहुतेकदा फुकट), मग ग्रॅज्युएट असिस्टंट (पुढचं शिकता शिकता मदतनीस), मग असिस्टंट आणि नशीब असेल तर फक्त बास्केटबॉलचा स्ट्रेंथ कोच, अशी तिथली चढण. त्या चढणीवर सीएससीएस ही पहिली पायरी.

नाशिकमध्ये ही शिडीच नाही. जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली, आणि तिथे खेळाचं पद एकच: शारीरिक शिक्षण संचालक. त्यासाठी शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी आणि नेट किंवा सेट लागते. शिवाय शारीरिक क्षमता चाचणी आहेच. या यादीत सीएससीएसला शून्य किंमत. ज्यांना कॉलेजातली कायमची नोकरी हवी त्यांनी आधी एम.पी.एड. आणि सेट उरकावं. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगच्या कंत्राटी जागांच्या जाहिरातींत मात्र सीएससीएसचं नाव येतं. खासगी अकादम्याही विचारतात. उपयोग आहे तो तिथे.

परीक्षा दोन भागांची. पहिल्या भागात शास्त्रीय पाया: ९५ प्रश्न, दीड तास. स्नायू, ऊर्जा, आहार, थोडं क्रीडा मानसशास्त्र. दुसरा भाग प्रत्यक्ष कामाचा: १२५ प्रश्न, अडीच तास. व्यायामाचं तंत्र, आराखडा, चाचण्या, जिमची व्यवस्था; काही प्रश्न व्हिडिओ आणि फोटोंवर. दोन्ही भागांतले १५-१५ प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. प्रत्येक भागात स्केल्ड, म्हणजे प्रश्नसंचाच्या अवघडपणानुसार जुळवलेले, ७० गुण लागतात. एक भाग गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो, मात्र ९० दिवस थांबून. आपली मुलं पहिल्या भागाच्या धास्तीने सगळा वेळ बायोकेमिस्ट्रीवर घालवतात आणि अडकतात दुसऱ्यात, कारण क्लीनमध्ये (बार जमिनीवरून झटक्यात खांद्यापर्यंत आणायचा प्रकार) बार मांडीच्या कुठल्या भागापर्यंत आला की दुसरी ओढ सुरू होते, हे वाचून येत नाही, उचलूनच कळतं.

आता यातलं खरोखर कामाचं काय. सगळ्यात वर वजन आणि रेपचा तक्ता (एक रेप म्हणजे वजन एकदा उचलून परत आणणं). एका रेपचं कमाल वजन १०० धरलं तर ५ रेप ८७ टक्क्यांवर, ८ रेप ८० वर, १० रेप ७५ वर. नवख्या मुलाकडून थेट कमाल वजन काढण्याची घाई नको. ५ रेपचं वजन काढा आणि ०.८७ ने भागा. ६० किलोचे ५ रेप नीट झाले तर कमाल साधारण ६९ किलो. जिममध्ये नेहमीची चूक ही, की तक्ता जसाच्या तसा लावला जातो. ७५ टक्क्यांवर १० रेप म्हणजे अकरावा निघणार नाही अशी स्थिती. तेच वजन घेऊन तीन सेट मारायला लावले की तिसऱ्यात गुडघे आत येतात आणि पाठ गोल होते. तीन सेटसाठी ६५ ते ७० टक्के धरा.

दुसरी कामाची गोष्ट वजन कधी वाढवायचं याचा नियम: शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा दोन रेप जास्त निघाले, आणि असं सलग दोन वेळा झालं, तरच वाढवायचं. नियम सोपा, पण इथल्या जिममध्ये तो प्लेटांशी येऊन अडतो. सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची, म्हणजे दोन्ही बाजू धरून एकदम ५ किलो. ३० किलोने स्क्वॉट मारणाऱ्या मुलीला ही १७ टक्क्यांची उडी झाली. अडीच ते दहा टक्के खपतात, इतकी नाही. उपाय अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत आहे. ६ मिमी जाडीच्या लोखंडी पत्र्यातून १७२ मिमी व्यासाची चकती कापून मधे ५२ मिमीचं भोक पाडलं की जवळजवळ बरोबर एक किलो भरतं. हे माप ५० मिमीच्या स्लीव्हच्या (प्लेट चढते ते टोक) ऑलिंपिक रॉडसाठी. एक इंची रॉड असेल तर भोक लहान करा आणि व्यास थोडा कमी. कडा घासून घ्यायला सांगा, नाहीतर हात कापतो. आणि रॉड २० किलोचा आहे असं गृहीत न धरता एकदा काट्यावर ठेवाच.

तिसरी गोष्ट उड्या. नवशिक्या खेळाडूला एका सत्रात पाय जमिनीला ८० ते १०० वेळा टेकावेत, मध्यम तयारीच्याला १०० ते १२०, मुरलेल्याला १४० पर्यंत. दोन सत्रांत ४८ ते ७२ तासांचं अंतर. संस्थेचंच पाठ्यपुस्तक काँक्रीटवर उड्या मारू नका म्हणतं, आणि नाशिकमधली कॉलेजांची बरीच कोर्टं सिमेंटची. सरावात रिबाउंड आणि ले-अपच्या उड्या वेगळ्या होतातच, त्या कोणी मोजत नाही. म्हणून कोर्टावर सराव झालेल्या दिवशी सुरुवातीला ४० ते ५० वरच थांबा, त्याही मैदानाच्या गवतावर किंवा रबर मॅटवर. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं की उड्या आधी कमी करायच्या, स्क्वॉट नाही. १०० किलोहून जड सेंटरला (बास्केटजवळ खेळणारा धिप्पाड खेळाडू) ४६ सेंटिमीटरपेक्षा उंच बॉक्सवरून डेप्थ जंप (खाली उतरून लगेच वर उडी) देऊ नये, हाही तिथलाच नियम. बॉक्सचा माथा किमान १८ बाय २४ इंच, १८ मिमी प्लायचा आणि वर खरखरीत रबर. लोखंडी अँगलचा बनवून घेतला की स्वस्त पडतो, पण पाय चुकला तर नडगी सोलून निघते.

जिमच्या व्यवस्थेचा भाग मात्र वाचताना हसू येतं. कॉलेज पातळीवर एका कोचमागे २० खेळाडूंपर्यंत, प्रत्येकाला १०० चौरस फूट, छत १२ ते १४ फूट, तापमान २२ ते २६ अंश. आपल्याकडे २० बाय २५ ची खोली, वर पत्रा, आणि एप्रिलच्या दुपारी आत उभं राहवत नाही. पण आकडे टाकून देऊ नका. ५०० चौरस फुटांत पाच जण म्हणजे १२ जणांच्या संघाच्या चार-चारच्या तीन तुकड्या, प्रत्येकी ३५ मिनिटं, सकाळी साडेसहापासून. सगळे एकदम आत घातले तर सहा जण रांगेत मोबाइल बघतात आणि उरलेल्यांची प्लेट कोणाच्या तरी पायावर पडते.

सगळ्यात मोठी उणीव वेळापत्रकाची. अमेरिकेतला मोसम नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा. सगळी आखणी त्या लांब मोसमाभोवती फिरते. इथे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची आणि दोन-तीन दिवसांत संपणारी, कधी एका दिवसात दोन सामने. जिंकलात आणि निवड झाली तर आंतरविभागीय, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ. शिवाय तारखा आयत्या वेळी बदलतात. पुस्तकातला 'मोसमातला टप्पा' इथे लावायला गेलात तर तो सुरू होण्याआधीच संघ बाहेर पडलेला असतो. त्यापेक्षा प्रवेश आटोपले की दहा आठवडे धरा, आठवड्याला दोन सत्रं. पहिले तीन आठवडे ६५ ते ७० टक्क्यांवर ३ सेट १० रेप, पुढचे चार ८० टक्क्यांवर ४ सेट ५ रेप, मग दोन आठवडे ८५ ते ८८ टक्क्यांवर ३ सेट ३ रेप आणि जोडीला उड्या. शेवटच्या आठवड्यात सेट निम्मे, वजन तेच. स्पर्धा पुढे ढकलली गेली तर शेवटच्या आधीचे दोन आठवडे पुन्हा घ्या. पहिल्यापासून सुरुवात करू नका. घोट्यासाठी एका पायावरचं काफ रेझ आणि तोल सांभाळायचे व्यायाम वॉर्म-अपमध्येच बसवा. बास्केटबॉलमध्ये मुरगळलेला घोटा ही नेहमीची दुखापत आहे, आणि एकदा मुरगळलेला पुन्हा मुरगळतो.

दुसरी उणीव: सगळी परीक्षा संगणकावर. तुम्ही स्क्वॉट शिकवू शकता का, हे कोणी पाहत नाही. ब्रिटनच्या यूकेएससीए या स्ट्रेंथ कोचांच्या संस्थेच्या परीक्षेत वेटलिफ्टिंग आणि उड्या परीक्षकासमोर करून दाखवाव्या लागतात. अमेरिकेतल्याच सीएससीसीए या कॉलेज कोचांच्या संस्थेला ६४० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. तिकडच्या कॉलेजात जायचं मनात असेल तर हे तास कुठे भरणार याचा विचार आधी करा. खेळ शिकवायचा असेल, म्हणजे बास्केटबॉल कोच व्हायचं असेल, तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमाच योग्य. त्याची जागा सीएससीएस घेत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पदवी कुठल्याही शाखेची आजवर चालत आली आहे, पण ती अट २०३० पासून कडक करण्याचं संस्थेने जाहीर केलं आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा नियम वाचा. विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट लागतं, नुसती गुणपत्रिका नाही. ते पुण्याहून यायला वेळ लागतो, त्यामुळे नोंदणीआधीच अर्ज टाका. सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबणं आणि शॉक देणारं यंत्र वापरणं) प्रमाणपत्र पुतळ्यावर हात चालवून घेतलेलं हवं, नुसत्या ऑनलाइन व्हिडिओचं नाकारतात. नोंदणी झाली की १२० दिवसांत परीक्षा द्यायची असते, म्हणून अभ्यास निम्मा झाल्यावरच पैसे भरा. फी डॉलरमध्ये, सभासदाला बरीच कमी पडते आणि विद्यार्थी सभासदत्व आणखी स्वस्त, तेव्हा शेवटच्या वर्षाला असतानाच केलेलं बरं. परीक्षा केंद्र पिअर्सन व्ह्यूचं. पुण्या-मुंबईचा एक दिवस धरून ठेवा आणि सकाळची वेळ घेऊ नका, कसाऱ्याचा घाट कोणाची वाट बघत नाही. पास झाल्यावर दर तीन वर्षांनी नूतनीकरण: पूर्ण चक्राला ६ सीईयू (पुढे शिकत राहिल्याचे गुण). चक्राच्या मध्यात पास झालात तर त्या हिशेबाने कमी लागतात. सीपीआरची मुदत मात्र तुमची तुम्ही सांभाळायची.