बाटला की पाइप गॅस: गळती खाली बसते की वर चढते?

सोसायटीत पाइप गॅसचे फॉर्म आले की पहिली चर्चा बिलाची होते. बुकिंगची कटकट जाते, ऐन मोदक वाफवताना बाटला संपत नाही, हे खरंच. पण मी ठरवताना आधी बघितलं ते एवढंच: गॅस गळला तर जातो कुठे?

बाटल्यातला गॅस, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, हवेपेक्षा जड. तो लादीवर उतरतो आणि ओट्याखाली, ट्रॉल्यांच्या मागे साचतो. हवेत २ टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेटू शकतो. पाइपमधला मुख्यतः मिथेन. तो हलका, वर चढणारा, आणि पेटायला साधारण ५ टक्के लागतो. पाइपचा घरातला दाब जेमतेम २१ मिलिबार, आणि घरात साठा नाही. भरलेल्या बाटल्यात १४.२ किलो असतो. इथपर्यंत पाइप सरळ पुढे.

मात्र वर चढलेल्या गॅसला वरूनच वाट हवी. आमच्या इमारतीत निम्म्यांनी ड्राय बाल्कनी किचनमध्ये घेऊन काचा लावल्यात, छताजवळची जाळी बुजवलीय. तिथे मिथेन कोंडणार. मग येतो सुतार: "पाइप वाईट दिसतोय, बॉक्स करून टाकू का ताई?" नाही म्हणायचं. पाइपवरचा गॅस बंद करायचा व्हॉल्व्ह हात घातल्याबरोबर सापडला पाहिजे. डाळीच्या डब्यांमागे असेल तर नसल्यासारखाच. आणि पाइप कधी संपत नाही. दूध उतू जाऊन ज्योत विझली, नॉब तसाच राहिला, तर गॅस येतच राहतो. म्हणून रात्री व्हॉल्व्हची दांडी पाइपला आडवी करून झोपायचं.

बाटल्याचे नियम बहुतेकांना पाठ आहेत, पाळत कोणी नाही. बाटला उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची. बाटल्याच्या वरच्या पट्टीवर सी-२७ असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे पुढची तपासणी जुलै ते सप्टेंबर २०२७मध्ये. मुदत उलटलेला बाटला दारातूनच परत पाठवा.

वास आला तर दोन्हीकडे सारखंच: व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, एकाही बटणाला हात नाही, एक्झॉस्ट फॅनच्यासुद्धा नाही. फोन घराबाहेर जाऊन करा. बाटल्यासाठी १९०६, पाइपसाठी कंपनीचा नंबर बिलावर असतो, तो आजच दाराच्या आत चिकटवा.

गॅस गीझरचं मात्र काही ऐकून घेऊ नका. पाइप असो की बाटला, बंद बाथरूममध्ये तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याला वास नसतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवा.

माझा कौल: स्वतःचा फ्लॅट असेल आणि किचनला वरून वारा असेल तर पाइप घ्या. दर अकरा महिन्यांनी घर बदलत असाल तर बाटलाच बरा.

पाइप घेतलात तर एक सांगते. शेगडीचे नॉझल बदलले जातात, कारण पाइपसाठी भोक मोठं लागतं. तीच शेगडी पुढे गावच्या घरी पाठवून बाटल्याला जोडली तर ज्योत हातभर पिवळी उठते, टोपाचं बूड काळं होतं. पाठवण्याआधी फिटरकडून जुने नॉझल परत बसवून घ्या. आम्ही ते पुडीत बांधून मसाल्याच्या खणात ठेवलेत.