हवाबंद शोकेस: सात महिन्यांनी चांदी काळी

काच, दिवे, कुलूप ही माहिती दुकानात मिळते, ती सोडतो. मी लिहितोय दाराच्या रबरी पट्टीबद्दल.

पाडव्याला साडेचौदा हजार मोजून ही शोकेस घेतली. आत आजीचं बिदरी पानदान, चांदीचं तबक, एक निरांजन. दुकानदार म्हणाला, "भाऊ, वर्षानुवर्षं हात लावायचं काम नाही." दिवाळीला उघडली तर तबकाची कड पिवळसर, पुढे जांभळी-निळी, दाराच्या बाजूला चक्क काळी. उचललं तर खाली लोकरी अस्तराची वीण छापल्यासारखी उमटलेली! देव्हाऱ्यातलं जोडीचं निरांजन उदबत्तीच्या धुरातही बरं. आई म्हणते, "ते रोज घासतो म्हणून." हेही खरंच.

खरं दुःख पानदानाचं. बिदरीचा काळा रंग मुद्दाम आणलेला असतो, बिदरच्या किल्ल्यातली माती नि नवसागर लावून. त्यावर चांदीची वेल. आता वेलही काळी, म्हणजे काळ्यावर काळं. नक्षी गेली कुठे? मावशी दंतमंजन घेऊन निघाली होती, थांबवली. घासलं की मूळचा काळाही जातो.

चांदी काळवंडते ती गंधकाच्या वायूंनी, आणि त्याला अगदी नगण्य प्रमाण पुरतं. लोकरीत गंधक असतो. म्हणून आधी लिहिलेल्या परीक्षणात दोन तारे देऊन सगळा दोष अस्तराला लावला होता. नंतर अस्तर उखडून धुतलेलं मांजरपाट घातलं आणि चकचकीत केलेली दोन चांदीची नाणी ठेवली, एक मधे, एक दाराशी. तीन आठवड्यांत दाराशीचं पिवळं, मधलं जसंच्या तसं. अस्तर दोषी होतंच, पण पट्टीही! रबर पक्कं करायला गंधकच वापरतात. पेटी जितकी घट्ट, तितका वायू आत कोंडतो.

नाण्यांसोबत मासेमारीच्या जाळ्याचं शिसं ठेवलं होतं, त्यावर पांढरी भुकटी. ती शोकेसच्या मागच्या एमडीएफची (लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेल्या फळीची) करणी. लाकूड नि त्यातला गोंद आम्लाची वाफ सोडतात. पैठणकडची सातवाहनांची शिशाची नाणी जपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ब्रिटिश म्युझियमचे शास्त्रज्ञ ऑडी यांनी 1973 मध्ये यासाठीच चाचणी मांडली: शोकेसमध्ये वापरायच्या साहित्यासोबत चांदी, तांबं, शिसं बंद करून 60 अंशांवर 28 दिवस ठेवायचं, धातू बिघडतात का बघायचं. माझी त्याची गावठी आवृत्ती.

दुकानदाराला विचारलं, तर पट्टी वॉरंटीत बसत नाही म्हणे. साडेचारशेत सिलिकॉन भरून देतो म्हणाला. डबी उघडली तर व्हिनेगरचा वास, म्हणजे पुन्हा आम्ल. नको म्हटलं. पट्टी काढून टाकली, कोळशाची पुडी ठेवली, तारे तीन केले. आता फटीतून धूळ येते. दर रविवारी फडकं मारतो.