नंबर १९६६ चा, गिटार १९८२ ची

साडेचार हजार डॉलर पार बुडाले असं म्हणता येणार नाही. गिटार घरात आहे आणि वाजतेही छान. पण मी पैसे मोजले ते दुसऱ्याच गिटारीचे. आठ महिने झाले, आता रागाचा जोर ओसरलाय, म्हणून लिहायला बसलोय. जुन्या गिटारी शोधत फिरणारी आपली मराठी मंडळी इथे कमी नाहीत, आणि माझ्यासारखाच 'मला कळतं' असा समज बाळगणारीही असणारच.

मी अर्व्हाइनला राहतो, दक्षिण कॅलिफोर्नियात. शेजारचं गाव सँटा ॲना. रिकनबॅकर गिटारींचा कारखाना १९६० च्या दशकापासून तिथलाच. पुण्यात कॉलेजात असताना कलकत्त्याच्या बनावटीच्या गिटारीवर बोटं सोलून घेतली, तेव्हापासून डोक्यात एकच होतं: रिकनबॅकर ३६०/१२. बारा तारांची, पोकळ अंगाची. फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती कंपनीने दिली ती याच जातीची. पुढे बर्ड्‌स या अमेरिकन बँडच्या रॉजर मॅग्विनने त्या झणझणत्या आवाजावर आपली ओळख उभी केली. पोकळ म्हणतात खरं, पण मेपलचा ठोकळा मागून कोरून काढतात आणि त्यावर पाठ चिकटवतात. म्हणजे सतारीच्या भोपळ्यासारखी ती पोकळ नसते.

जाहिरातीत दोनच ओळी होत्या. जुनी पोकळ अंगाची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार, वडिलांची, जागा रिकामी करतोय. सोबत सहा फोटो. त्यातला एक अगदी जवळून काढलेला, लख्ख आणि स्पष्ट: केबल खुपसायची जागा, तिच्याभोवतीची चकचकीत पट्टी आणि पट्टीवर ठोकलेला नंबर. कुठल्याही फोटोत, कुठल्याही ओळीत '१९६६' हा आकडा नव्हता. हे मला नंतर उमगलं.

वर्ष मी काढलं. १९६१ ते १९८६ पर्यंत रिकनबॅकरच्या नंबरातलं पहिलं अक्षर वर्षाचं असतं आणि दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९६१, बी म्हणजे १९६२, असं पुढे. या पट्टीवर एफ होता, मग सी. एफ म्हणजे १९६६, सी म्हणजे मार्च. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात उभं राहून मी बोटांवर मोजलं, आणि खजिना सापडल्यासारखा झालो. त्या माणसाला हे ठाऊकच नाही, असं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री फसवायला मी निघालो होतो.

रिव्हरसाइडजवळ एका कॉफीच्या दुकानाबाहेर भेटलो. गृहस्थ पन्नाशीचे, शांत, हाताला रंगाचे डाग. केस उघडली तसा जुन्या मखमलीचा आणि बंद कपाटाचा वास आला. लाल-पिवळा फायरग्लो रंग, तारांची खालची टोकं धरणारी आर आकाराची टेलपीस, तारांचा आवाज पकडणारे, टोस्टरसारखे पट्टेवाले पिकअप. डोकं बघितलं: सहा खुंट्या बाजूला आणि सहा मागे, अगदी असायला हव्यात तशा. तारा छेडल्या. खालच्या जोड्यांमध्ये जाड तार आधी आणि वरच्या सप्तकातली बारीक तार नंतर. बहुतेक बारातारी गिटारींत याच्या उलट असतं. हे सगळं बरोबर होतं, कारण गिटार खरीच रिकनबॅकर होती. नकली असती तर मी तिथेच ओळखली असती. फार अभ्यास केला होता हो.

मग मीच तोंड उघडलं. म्हणालो, ही बहुधा मार्च १९६६ ची असावी. ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "असं होय? मला यातलं काही कळत नाही. वडिलांनी कधी घेतली कोण जाणे." थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "मग अडतीसशेला देणं बरोबर होणार नाही." आणि किंमत साडेचार हजारांवर गेली. मी घासाघीससुद्धा केली नाही, कारण १९६६ च्या गिटारींचे दुकानांत पाहिलेले आकडे याहून चढेच होते. दोन हजार रोख दिले, बाकीचे बँकेच्या ॲपवरून. पावती मागितली नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

दोन आठवड्यांनी ब्रिज, म्हणजे अंगावर तारा टेकतात तो भाग, नीट बसवून घ्यायला एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. चाळीसेक वर्षं गिटारीच दुरुस्त करतोय. केस टेबलावर ठेवून मी झाकण उघडलं, आणि हात न लावता तो म्हणाला, "छान. ऐंशीच्या दशकातली दिसते."

मी नंबर दाखवला. तो म्हणाला, "फ्रेट मोज."

फ्रेट म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या दांड्या. मोजल्या. चोवीस.

१९६६ च्या ३६०/१२ वर एकवीस असतात. चोवीस फ्रेटचा फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट ठोकलेली मानेवरची फळी, १९७० च्या आसपास आला. हे मी वाचलेलं होतं, पण मोजायचं सुचलं नव्हतं, कारण अक्षरांनी उत्तर आधीच देऊन टाकलं होतं. घरी येऊन जाहिरातीचे फोटो पुन्हा काढले. सहाही फोटोंत फिंगरबोर्डचं अंगाकडचं टोक एकतर पट्ट्याखाली होतं, नाहीतर खिडकीच्या उजेडात पांढरं पडलेलं.

कारागिराने मग खालचं पिकगार्ड, म्हणजे अंगावरचं प्लास्टिकचं झाकण, सोडवलं. आत आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखाली जे पोटेन्शिओमीटर असतात, त्यांवर बारीक आकडे छापलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्या कारखान्याचे, पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. पाचपैकी चार पोटेन्शिओमीटरांवर १३७८२१४ होतं: १९८२ चा चौदावा आठवडा. पाचवं नंतर कधीतरी बदललेलं. पिकअपही मूळचे नव्हते, कुणीतरी ते टोस्टरसारखे पिकअप आणून बसवलेले. शेवटी त्याने ती चकचकीत पट्टी भिंगाखाली धरली. स्क्रूंच्या खाचा पट्टीपेक्षा नव्या होत्या. आणि पट्टीच्या कडेने, लाकडावर, केसाएवढी फट ठेवून जुन्या पट्टीची फिकट चौकट उमटलेली होती. दोन्ही चौकटी एकमेकींवर पुरत्या बसत नव्हत्या.

म्हणजे चोरीच्या गाडीला दुसऱ्या गाडीची नंबर प्लेट, तसा प्रकार. पट्टी खरी आहे, १९६६ च्याच कुठल्यातरी मोडक्या गिटारीची. या गिटारीवरची मूळ पट्टी व्ही अक्षराची असणार, ती कुठे गेली देव जाणे. आणि मी नेमकी तीच एक गोष्ट तपासली, जी स्क्रू-ड्रायव्हरने दोन मिनिटांत बदलता येते. फ्रेटांची संख्या बदलायची म्हणजे अख्खा फिंगरबोर्ड उपटावा लागतो. पोटेन्शिओमीटर बदलता येतात, पण बहुतेक जण त्या भानगडीत पडत नाहीत, आत कोण बघणार म्हणून.

विक्रेत्याला मेसेज केला. वाचल्याची खूण आली आणि मग मी ब्लॉक. पोलिसांकडे गेलो, तक्रार लिहून घेतली. समोरच्या अधिकाऱ्याने जाहिरात वाचून विचारलं, "यात वर्ष कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. घरी बायकोने हेच मराठीत विचारलं, "म्हणजे १९६६ हे त्याने सांगितलं की तू?" यावर गप्प बसण्याशिवाय काही सुचलं नाही. त्याने एकही खोटं वाक्य लिहिलं नव्हतं. पट्टीचा स्वच्छ फोटो टाकला आणि माझी हुशारी उरलेलं काम करेल याची वाट पाहिली. तोंडी मात्र "मला यातलं कळत नाही" म्हणाला, तेवढं एक खोटं. त्याचा पुरावा माझ्याकडे नाही.

१९८२ ची गिटार म्हणून कारागिराने जी किंमत सांगितली ती मी दिलेल्या पैशांच्या जेमतेम निम्मी, आणि तीही पट्टी जुळत नसल्याचं सांगून विकली तर. पट्टी मी काढून एका पाकिटात ठेवली आहे. तिच्या जागी सध्या बिननंबराची साधी पट्टी आहे, दिसायला ओंगळ.

गेल्या महिन्यात त्याच भागातून आणखी एक जाहिरात दिसली. सहा तारांची, पोकळ अंगाची, वडिलांची, जागा रिकामी करतोय. विक्रेत्याचं नाव वेगळं, पण फोटोत खाली तोच तपकिरी गालिचा. पट्टीचा फोटो लख्ख, आणि फिंगरबोर्डच्या टोकावर उजेड सांडलेला. मी बायकोच्या खात्यावरून एवढंच विचारलं: फ्रेट किती आहेत?

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी जाहिरात तिथे नव्हती.